कॅम्प तीनमध्ये चढलेला आवाज

१२ जानेवारी १९८९, अंबरनाथ

नाक्यावरच्या न्हाव्याने आरशाच्या वर माझा फोटो लावलाय. खाली खडूने लिहिलंय, ‘मिलिंद कट येथे मिळेल.’ मी केस कापायला गेलो होतो. म्हणाला, "तुझे नाही कापणार. सँपल आहे." तसाच परत आलो.

माझी कॅसेट ‘पिवळी रिबन’ दिवाळीत आली आणि आता अंबरनाथ ते बदलापूर एक पानटपरी नाही जिथे ती वाजत नाही. कॉलेजात निम्म्या वेण्यांना पिवळ्या रिबिनी. बारावीतल्या माणसाने याहून जास्त काय मागावं?

आईचं मात्र एकच. "गाणं छान आहे. पण गातंय कोण?"
"मी."
"नाव तुझं आहे. आवाज शेजारच्या बबलीचा वाटतो."

तिला कितीदा सांगितलं, कॅसेटवर सगळ्यांचाच आवाज गोड होतो. मशीनच तसं असतं. पप्पा फॅक्टरीतून येतात, आंघोळ करतात आणि हार्मोनियम घेऊन विहारात जातात. त्यांच्या गायन पार्टीत मी सहावीपासून कोरसला आहे. होतो. आता वेळ कुठे मिळतो?

२२ जानेवारी

पोस्टरचा फोटो काढला. आमचे मालक गोपीसेठ (इथून पुढे गो.से., फार लिहावं लागतं त्यांच्याबद्दल) यांचं उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये घर कम कारखाना कम कॅसेट कंपनी. खाली जीन्स शिवतात, वरच्या माळ्यावर गाद्या लावून केलेली रेकॉर्डिंग रूम. कपडे अर्थातच खालचे. माझ्या मापाची एकही पँट नाही. शेवटी एक ढगळी चढवली आणि मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. समोरून एकदम हिरो. पाठीमागे दोरीवरचं धुणं.

गो.से. सिंधी, मला ‘पुट’ म्हणजे बेटा म्हणतात. म्हणाले, "पुट, पीछे किसको देखना है? स्टार का हमेशा सामने देखते हैं."

एकदा शिंक आली तर दोन चिमटे उडाले.

११ फेब्रुवारी

वाईट दिवस. सगळं लिहितो.

बदलापूरला मंडळाचा वर्धापनदिन. माझा पहिला स्टेज प्रोग्राम. कीबोर्डवर राजूदादा, ज्याने कॅसेटला पण वाजवलंय. मी गायला सुरुवात केली. पहिली ओळ संपेपर्यंत पब्लिक गप्प, मग मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, कॅसेटवाला बोलवा ना!" मग सगळेच. पुढच्या रांगेत रिबिनवाल्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. एकीने तर वेणीची रिबिन सोडून पर्समध्ये घातली. ते मी बघितलं.

आवाज बसला नव्हता. सूरही गेला नव्हता. मी रोज गातो तसाच गात होतो. मग झालं काय?

१३ फेब्रुवारी

राजूदादाने शोधलं. कॅसेट लावून सोबत कीबोर्ड वाजवायला बसला तर काही केल्या जुळेना. आम्ही गायलो होतो काळी दोनमध्ये. कॅसेटवर गाणं वाजतंय पांढरी चारमध्ये! गाणं वर चढलंय आणि पळतंयही.

मग उलगडा झाला. रेकॉर्डिंग भर दुपारी होतं. खाली कारखान्यातल्या सगळ्या मशिनी एकदम चालू. कॅम्प तीनमध्ये दुपारी लाइट डिम होतात हे पोरंसोरं पण जाणतात. त्या डिममध्ये रेकॉर्डिंगचं मशीन बिचारं हळू फिरलं. हळू भरलेली टेप बाहेर नीट लाइटवर लावली की जोरात पळणार. म्हणून मी बबली झालो. आणि तिथे माळ्यावर कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण परत ऐकलं तेव्हाही मशिनी चालूच होत्या. हळू भरलं, हळूच ऐकलं, बरोबर वाटलं.

म्हणजे आख्खं अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ज्याच्यावर फिदा आहे तो मी नाहीच. ती एम.एस.ई.बी. आहे.

आईला सांगितलं. ती इतकी हसली की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. मी पण हसलो. पण ती भाजीकडे वळल्यावर मला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं.

२६ मार्च

बारावी संपली. फिजिक्सच्या पेपरला सुपरवायझर बाई शेजारी येऊन थांबल्या. मला वाटलं, कॉपीचा संशय. हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलीसाठी सही देतोस?" प्रश्न सुटत नव्हते, म्हटलं निदान सही तरी येते.

आज दुसऱ्या कॅसेटचं, ‘गुलाबी छत्री’चं रेकॉर्डिंग. कारखान्याला सुट्टी होती म्हणून शांतता मिळेल असं गो.से. ना वाटलं. गायलो. टेप बाहेर नेऊन ऐकली तर अगदी माझा आवाज, जसाच्या तसा. मला इतका आनंद झाला! गो.से. चा चेहरा पांढरा.

"ये कौन अंकल गा रहा है?"
"सेठ, मैं."
"तू नहीं. तू ऐसा नहीं है, साईं!"

राजूदादाने डिम लाइटची गोष्ट समजावली. गो.से. पाच मिनिटं कपाळाला हात लावून बसले. मग उठून खिडकीतून गल्लीत ओरडले, "सब कारीगर को बुलाओ!" सुट्टीच्या दिवशी माणसं गोळा केली, चहा-भजी मागवली आणि सगळ्या मशिनी चालू करायला लावल्या. शिवायला काही नव्हतं. लोक चिंध्यांवर टाके मारत बसले आणि वर मी गुलाबी छत्रीवर गात होतो. बल्ब पिवळा पडला की गो.से. खुश, उजळला की खाली ओरडायचे, "जोर से चलाओ!"

असं रेकॉर्डिंग कुठल्याही स्टुडिओत होत नसेल, पैजेवर सांगतो.

४ एप्रिल

आता प्रोग्राममध्ये टेप लावायची आणि मी फक्त तोंड हलवायचं. गो.से. चा हुकूम. आईसमोर प्रॅक्टिस केली. ती तांदूळ निवडता निवडता बघत होती.

"गळ्याची शीर फुगत नाहीये."
फुगवली.
"आता श्वास कुठे घेतलास? गाणारा श्वास घेतो. पप्पांचा बघितला नाहीस?"
घेतला.
"आता डोळे. त्या मुलीकडे बघतोयस की घड्याळाकडे?"

हिला कोणी नाटकात का नेलं नाही?

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणूक. पप्पांच्या गायन पार्टीचा कोरसचा एक माणूस गावी गेला होता. पप्पांनी मागच्या सतरंजीवर एक टाळ ठेवला. मी जाऊन बसलो.

माझा स्वतःचा आवाज, मोठ्याने, दोन तास. समोर रिबिनवाल्या पोरी होत्या, त्या मला बघून कुजबुजत होत्या, पण कोरसमध्ये कोणाचा आवाज कोणता हे कोणाला कळतंय? फार बरं वाटलं. घसा बसला तरी बरं वाटलं.

घरी येताना पप्पा एवढंच म्हणाले, "खालचा सूर छान लागतो तुझा."

१९ मे, जांभूळ

पप्पांच्या फॅक्टरीतले भोईरकाका जांभूळचे. त्यांच्या मुलाची हळद. मी स्पेशल पाहुणा, आई-पप्पा पहिल्या रांगेत. मांडवात लाइटच्या माळाच माळा, दोन उभे फर्राटे पंखे, लाऊडस्पीकर, सगळं घरातल्या एका वायरीवर.

‘पिवळी रिबन’ लागली. पहिलं कडवं झकास, लोक नाचायला उठले. तेवढ्यात कोणीतरी पाण्याची मोटर चालू केली. बल्ब पिवळे पडले आणि टेप बसायला लागली. आवाज खाली, खाली, आणि स्पीकरमधून मी आलो. मी! खराखुरा. तोंड माझं, आवाज माझा, कित्येक महिन्यांनी दोघं एकत्र.

"आरं यो कोन?" एक म्हातारी ओरडली. "रिबनवाला पोर कय गेला?"

शिट्ट्या सुरू झाल्या. मला काय सुचलं कोण जाणे. मी कंबरेत वाकलो. माइकचा स्टँड काठीसारखा धरला, एक हात पाठीवर, हनुवटी थरथरती, आणि म्हातारा होऊन त्या पिवळ्या रिबिनीला शोधायला लागलो. एका आजीसमोर थांबून तिच्या अंबाड्याकडे बघत लाजलो. मांडव असा काही हसला की बस. वन्स मोअर पडला. भोईरकाकांनी हळदीचा हात माझ्या दोन्ही गालांना पुसला.

मी तरंगतच खाली उतरलो. पप्पा बाहेर रिक्षापाशी उभे होते. म्हणाले, "आवाज तुझा होता ना आज?"
"हो."
"मग म्हातारा कशाला झालास?"

आई म्हणाली, "अहो, लोक हसले किती!" पप्पा म्हणाले, "तेच म्हणतोय."

रिक्षात मी दोन्ही गालांची हळद रुमालाने पुसली.

२ जून

एक बाई घरी आल्या. शुभांगीताई. बदलापूरला शाळेत शिकवतात आणि हौशी नाटकं बसवतात. भोईरांचा मुलगा त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणून हळदीला होत्या.

"गाणं मला काही खास वाटलं नाही," त्या म्हणाल्या. (समोर बसून! आमच्याच घरचा चहा पिऊन!) "पण टेप बसली आणि तू दोन सेकंदांत माणूस बदललास. नाटक करशील?"
"गाणं आहे त्यात?"
"नाही. मोठ्या भावाचा रोल आहे. भांडखोर. आणि टेप लावायची नाही हं, स्वतः बोलायचं."

आई आतून म्हणाली, "करेल." मला कोणी विचारलंच नाही.

११ जुलै

तालीम, शाळेच्या सातवी ‘ब’ मध्ये. बाकं फार लहान. ताई फार ओरडतात. "गोड बोलू नकोस! तू काय रिबिन विकतोयस?" सवयीने आवाज वरच चढवतो मी. तो खोटा, चोरटा आवाज. कॅसेटमधल्या पोरासारखं बोलायला जातो आणि मध्येच फाटतो.

गो.से. ना नाटकाचं कळलं. वाटलं, चिडतील. म्हणाले, "ड्रामा में पँट कौन देता है?" म्हटलं कोणी नाही. दोन जीन्स पाठवल्या. यावेळी मापाच्या.

२६ ऑगस्ट, बदलापूर

पहिला प्रयोग झाला!!

हॉल भरलेला, आणि निम्मा हॉल रिबिनवाल्यांचा. माझी एन्ट्री झाली तर किंचाळ्या. मी पहिलं वाक्य बोललो, "आई, दार उघडं का ठेवलंस?" आणि सगळा हॉल फिस्सकन हसला. साधं वाक्य आहे हो. हसण्यासारखं त्यात काही नाही. आवाजाला हसले.

एक क्षण वाटलं, वाकावं, हनुवटी थरथरवावी, वन्स मोअर घ्यावा. सोपं होतं. विंगेत ताई नुसत्या मान हलवत होत्या, नाही, नाही. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, त्याच आवाजात, अजून खाली. नाटकात ते दोनदा नाहीये. आईचं काम करणाऱ्या जोशीकाकूंनी खरोखरच दचकून दार लावलं.

तिथून हळूहळू गप्प झाले. शेवटी टाळ्या बऱ्या पडल्या, शिट्ट्या नव्हत्या. पप्पा ड्यूटीवरून थेट आले होते, डबा हातात. "दोनदा म्हणालास ते बरं केलंस," म्हणाले. इतकंच. मला आयुष्यभर पुरेल.

८ मार्च १९९०

महिनोन् महिने लिहिलं नाही. ‘गुलाबी छत्री’ पहिलीएवढी नाही चालली, पण चालली. नाटकाचे प्रयोग अंबरनाथ, कल्याण, अगदी पनवेलपर्यंत. आणि आज, टण्टणॅ, सिनेमा!

निर्माते जगतापसाहेब गो.से. च्या माळ्यावर आले. ‘रिबनवाला’ नावाचा सिनेमा. हिरो मी. गाणी दोन्ही कॅसेटमधलीच वापरायची. आई पेढे आणायला धावली.

मग साहेबांनी अट सांगितली. पडद्यावर गाणी त्या बारीक आवाजात आणि डायलॉग या जाड्या आवाजात, असं कसं चालेल? म्हणून डायलॉग दुसरा कोणीतरी बोलेल, गाण्यांना शोभेल असा. म्हणजे गाणारा मी नाही, बोलणाराही मी नाही.

"मग मी काय करायचं?"
"दिसायचं," साहेब म्हणाले.

हो म्हणालो. सिनेमा आहे, वेड्या. कोण नाही म्हणतं? पण पप्पांना ही अट सांगायची अजून राहिली आहे.

२१ नोव्हेंबर, पालेगाव

शूटिंग. भाताची कापणी झालेली शेतं, मागे डोंगर. गावातली सगळी माणसं बांधावर बसून आम्हाला बघतात आणि सल्ले देतात. बैलाच्या शिंगाला पिवळी रिबिन बांधायची होती. बैलाने ती खाल्ली. दुसरी बांधली, तीही खाल्ली. शेवटी मालक म्हणाला, "साहेब, हिरोइनीला बांधा. ती खाणार नाय."

संध्याकाळी वडिलांशी भांडणाचा मोठा सीन झाला. मी घर सोडून जातो तो. कॅमेऱ्यासाठी आवाज लागत नाही, तो नंतर डबिंगला भरतात, पण मी पूर्ण आवाजात बोललो. कट झाला. मग बांधावरचे एक आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ नको रं पोरा. बापाचं काय मनावर घेतंस?"

हा सीन मी दुसऱ्याला देणार नाही. देणारच नाही.

९ डिसेंबर

पप्पांना अट सांगितली. भांडणाचा सीन तरी मला स्वतः बोलायचाय, हेही. बराच वेळ हार्मोनियमच्या भात्याची उघडझाप करत राहिले. म्हणाले, "विचारून बघ. नाही म्हणतील. पण विचारलंस हे तरी राहील."

१८ डिसेंबर, डबिंग

ज्यांचा आवाज मला लागणार ते भेटले. नेने. चाळिशीचे, टक्कल, बँकेत नोकरी, आवाज खडीसाखर. मी रागावूनच गेलो होतो. त्यांनी डब्यातली चकली पुढे केली.

"असं बघा," ते म्हणाले, "माझा चेहरा चालत नाही, तुमचा आवाज चालत नाही. दोघं मिळून एक हिरो होतो. वाईट काय आहे?"

या माणसाचा राग करणं शक्य नाही. प्रयत्न केला.

जगतापसाहेबांना विचारलं. भांडणाचा सीन मला एकदा करू द्या, मग हवं तर पुसून टाका. साहेब गो.से. कडे बघायला लागले, कारण गाणी त्यांची. गो.से. नी डोळे मिटले. मला वाटलं, झालं. म्हणाले, "मेरे को मत पूछो. मैं तो व्यापारी हूँ, मेरे को दोनों अच्छा लगता है. लडकियों को पूछो. कॅसेट उन्होंने चलाया."

६ जानेवारी १९९१

गो.से. चा टेम्पो कारखान्यातल्या धागे कापणाऱ्या मुलींना घेऊन डबिंगला आला. जीन्सच्या गठ्ठ्यांवर बसून, गाणी म्हणत. सगळ्या रिबनच्या पहिल्या दिवसापासूनच्या फॅन. त्यांना भांडणाचा सीन दोनदा दाखवायचा. आधी नेनेंच्या आवाजात, मग माझ्या (साहेबांनी मला तो एकदा बोलू दिला होता). कोणता कोणाचा ते सांगायचं नाही. आणि मला बघून त्यांनी मत बनवू नये म्हणून मी बाहेर. नेनेही बाहेर. आम्ही दोघं एका बाकड्यावर, मधे खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी.

आधी नेनेंचा लागला. आतून हसण्याचा, चुकचुकण्याचा आवाज. शेवटी टाळ्या. नेने म्हणाले, "चांगलं घेतलं त्यांनी." मी म्हणालो, "चांगलंच केलंय तुम्ही." खरंच चांगलं केलं होतं.

मग माझा. दाराआडून माझा आवाज येत होता, पालेगावच्या त्या शेतात लागला होता तसाच. हसणं नाही. काहीच नाही. सीन संपला तरी काही नाही. टाळी पण नाही. नेने शेंगदाणे सोलायचे थांबले होते.

दार उघडलं. मुली बाहेर आल्या. सुनीता म्हणून एक आहे, तिच्याकडे माझ्या पोस्टरच्या दोन प्रती आहेत. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"तो दुसरा कोण होता?"
"मी."
"आणि रिबिन गातो तो?"
"तो पण मीच."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चल, झूठा," म्हणाली. "दोघांतला एकच कोणीतरी असशील." आणि जाऊन टेम्पोत बसली.

जगतापसाहेब आत गो.से. शी बोलत बसले ते बसलेच. दोनदा चहा गेला. सात वाजता बाहेर येऊन मला म्हणाले, "दोन दिवस दे मला." नेनेंनाही तेच सांगितलं.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, अजून काही नाही. आणि मग उगाचच, जेवायच्या आधी, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी भांडणाचा आख्खा सीन दोघांना म्हणून दाखवला. वडिलांची वाक्यंसुद्धा मीच म्हणायला लागलो, तर पप्पा म्हणाले, "थांब, ती मला दे."